गोष्टीतून काय सांगायचंय, हे कुणी ठरवायचं?

पत्र: “मी काही वर्षांपासून कथा लिहिते. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका आयाची कथा आमच्या वाचनगटात वाचली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘यातून तुम्हाला काय सांगायचंय?’ मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शेवटी दोन परिच्छेद जोडले आणि कथा स्पर्धेला पाठवली, तर ‘उपदेशपर’ असा शेरा आला. कथा सोबत जोडली आहे. दुसरीकडे अर्धवट कथांची फाइल फुगत चालली आहे. रोज लिहायला बसले की आधी पहिलं पान दुरुस्त करते, आणि बहुतेक सगळ्या चौथ्या-पाचव्या पानावर अडतात. शिवाय या कथेतली बाई माझ्या सख्ख्या मावशीवरून घेतली आहे, ते मनाला खातं. लेखकाने नेमकं करायचं काय असतं? समाजाला काही द्यायचं, की फक्त चांगलं लिहायचं?”

शेवटचे दोन परिच्छेद आजच काढा, बाकीचं त्यानंतर बोलू. तुमची कथा मुळात अशी होती: सात नंबरच्या खाटेवरची म्हातारी पहाटे जाते. नातेवाईक अजून यायचे आहेत. आयाची पाळी संपली आहे, घरी मुलाची परीक्षा आहे, तरी ती मृतदेहाजवळ थांबते. पहिली बस निघून गेल्याचा आवाज तिला खिडकीतून ऐकू येतो, आणि कथा थांबते. मग तुम्ही जोडलंत की अशा असंख्य स्त्रिया समाजाचा भार वाहतात आणि समाज त्यांना माणूस मानत नाही. म्हणणं खोटं नाही. पण बसचा आवाज ऐकून वाचक स्वतःच तिथवर पोचत होता आणि तुम्ही आडव्या आलात. स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस धरून ठेवतो. आयता मिळालेल्या निष्कर्षाला तो एकतर हरकत घेतो, नाहीतर ‘खरंय’ म्हणून पान उलटतो.

मग गटातला प्रश्न चुकीचा होता का? नाही, पण त्याचा अर्थ तुम्ही शब्दशः घेतलात. ‘काय सांगायचंय?’ असं वाचक विचारतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला संदेश नको असतो. वाटेत कुठेतरी त्याचा धागा सुटलेला असतो आणि कुठे सुटला हे त्याला सांगता येत नाही. तुमच्या कथेत ती जागा सापडते. आयाची पाळी कधी संपते आणि मुलाचा पेपर किती वाजता आहे, या दोन्ही गोष्टी तुम्ही म्हातारीच्या मृत्यूनंतर, जवळजवळ शेवटच्या पानावर सांगितल्या आहेत. त्यामुळे ती थांबते तेव्हा थांबण्याची किंमत वाचकाला ठाऊकच नसते. किंमत नंतर कळते आणि मागे जाऊन लावावी लागते. ऐकणाऱ्यांना तर मागे जाताही येत नाही. पाळीची वेळ पहिल्या पानावर आणा, परीक्षा दुसऱ्या पानावर एखाद्या फोनमध्ये येऊ द्या, आणि मृत्यू त्यानंतर. फारसं नवं काही न लिहिता तो प्रश्न बंद होईल अशी माझी खात्री आहे.

मोठ्या प्रश्नाचं माझं उत्तरही यातच आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद फडके-खांडेकरांच्या नावाने आपल्याकडे इतका घोळला गेलाय की नव्या लेखकाला वाटतं, आधी एका बाजूला नाव नोंदवावं आणि मग लिहायला बसावं. लिहायला बसल्यावर दोन्ही बाजूंच्या माणसांपुढे काम एकच असतं: वाचकाला कोणती गोष्ट कधी कळू द्यायची, आणि ती खरी वाटावी इतकी नेमकी कशी सांगायची. समाजाबद्दलची जबाबदारी असेल तर ती या कामातच असते, त्याच्यावर वेगळी शिंपडता येत नाही.

रशियन कथालेखक चेखव्हने १८८८ मध्ये आपला प्रकाशक मित्र सुव्होरिन याला लिहिलेल्या एका पत्रात दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत: प्रश्न सोडवणं आणि प्रश्न बिनचूक मांडणं. कलावंतावर बंधन आहे ते दुसऱ्याचंच, असं त्याचं म्हणणं. हे ऐकून पुष्कळांना हायसं वाटतं, पण बिनचूक मांडणं हे उत्तर देण्यापेक्षा कष्टाचं आहे. तुमच्या कथेत एक वाक्य आहे, ‘तिने चादर बदलली.’ पेशंट खाटेवर असताना चादर कशी बदलतात? त्याला एका कुशीवर वळवतात, मळलेली चादर लांबीत गुंडाळून त्याच्या पाठीशी सारतात, मोकळ्या झालेल्या अर्ध्या गादीवर नवी चादर पसरतात, मग त्याला त्या घडीवरून पलीकडे वळवून जुनी ओढून काढतात आणि नवी पुढे ताणतात. दोघी असल्या तर एक धरते, दुसरी चादर करते. एकटीला आधी पलीकडचा कठडा वर करावा लागतो, एका हाताने पेशंट सावरावा लागतो, आणि सगळा भार कमरेवर येतो. या कामाची चार वाक्यं लिहा आणि कठडा नीट अडकत नाही एवढं त्यात येऊ द्या. दुसरी बाई तिथे असायला हवी होती हे वाचकाला तुम्ही न सांगता कळेल, आणि कुणामुळे नाही हा प्रश्नही तोच विचारेल. ‘असंख्य स्त्रिया भार वाहतात’ या वाक्यात कुणाचीच कंबर दुखत नाही.

याचा अर्थ लेखकाला मत नसावं असा काढू नका. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही उघडउघड सुधारणेच्या बाजूची कादंबरी आहे. पण हकीकत सांगते ती यमू, आणि सांगते ती आपल्या घरातली: कोण कुणाला काय बोललं, कोण गप्प बसलं. (नावसुद्धा प्रश्नच आहे, हे जाता जाता.) मत कथेची निवड करतं, प्रसंगांची निवड करतं. तेवढं झालं की त्याने बाजूला बसावं.

बाजूला बसलंय की नाही हे तपासायच्या तीन जागा आहेत. शेवटचा परिच्छेद ही पहिली: तो झाकून कथा वाचा, काहीही हरवल्यासारखं वाटलं नाही तर तो गेला. दुसरी जागा म्हणजे एखाद्या पात्राचं लांब बोलणं. चार-पाच वाक्यांपेक्षा जास्त कुणी सलग बोलत असेल आणि त्याला मध्ये कुणी अडवत नसेल, तर बहुधा तुम्हीच बोलताय. तिसरी जागा विशेषणं, आणि ती सगळ्यात चिवट. ‘निर्दयी डॉक्टर’, ‘बिचारी म्हातारी’, ‘कष्टाळू आया’ ही तुमच्या कथेतलीच आहेत. प्रत्येक विशेषण निकाल देऊन मोकळं होतं. डॉक्टरने केलं काय ते लिहा: नाडी न बघता त्याने वेळ लिहिली, की पेन शोधत राहिला? आणि तो दुसऱ्या वॉर्डातून धावत आला होता का? ज्याच्या विरोधात कथा उभी आहे त्याच्या बाजूने एक पान लिहून पाहा. ते कथेत घालायचं नाही. पण ते पान लिहिता आलं नाही, तर डॉक्टर अजून तुम्हाला माहीत नाही असं समजा.

आणखी एक तपासणी, कारण सहानुभूतीने लिहिलेल्या कथा इथेच सगळ्यात जास्त फसतात. मुख्य पात्राची क्रियापदं मोजा. तिने काय काय केलं आणि तिच्या वाट्याला काय काय आलं, असे दोन रकाने करा. दुसरा रकाना दुपटीने मोठा निघाला तर ती बाई कथेत माणूस म्हणून नाही, पुरावा म्हणून आहे. तुमच्या आयाला एखादी लबाडी करू द्या, कुणावर तरी उगाच खेकसू द्या, हसू द्या. मृतदेहाशेजारी बसून तिने फोनवर मुलाला दोन गणितं समजावली तर? ती चांगुलपणामुळे थांबली, की मेट्रन रागावेल म्हणून, की घरी जायचा कंटाळा होता म्हणून, हे तुम्हालाही पूर्ण ठाऊक नसेल तर उत्तम.

आता अडकलेल्या कथा. तुम्ही आणखी तीन सुरुवाती पाठवल्या आहेत, आणि तिन्हींत एकच दोष दिसतो, जो मराठी लिहिणाऱ्यांना फार सहज जडतो. ‘ती रोज रात्री आठला यायची. पदर खोचायची. खाटांवरून एक नजर फिरवायची. नातेवाईक तिला हाका मारायचे, ती हूं म्हणायची.’ यायची, खोचायची, फिरवायची. हे रीतीचं वर्णन आहे, रोजचं. वाचायला गोड, लिहायला त्याहून गोड, आणि पानंच्या पानं चालू शकतं, कारण त्यात काहीही एकदाच घडत नाही. जे रोज घडतं त्याला परिणाम नसतो, म्हणून पाचव्या पानावर तुमच्याकडे वातावरण असतं, स्वभाव असतो आणि पुढे न्यायला काहीच नसतं. मग वाटतं, प्रतिभा आटली. मला तरी तो फक्त काळाचा घोटाळा वाटतो.

उपाय असा. पहिल्या दोन पानांतली ‘-यचा, -यची, -त असे’ अशी सगळी क्रियापदं अधोरेखित करा. एक तृतीयांशाहून जास्त निघाली तर कथा अजून सुरूच झालेली नाही. पहिल्या दोनशे शब्दांच्या आत एक ‘त्या रात्री’ यायला हवी: ‘त्या रात्री ती आली तेव्हा सात नंबरची खाट भिंतीकडे सरकवलेली होती.’ इथून पुढे साधा भूतकाळ: आली, बघितलं, विचारलं. रोजची रीत त्यातच दोन-तीन वाक्यांत विरघळवा, आणि शक्यतो जिथे रीत मोडते तिथेच ती सांगा. रोज पदर खोचायची हे सांगायची उत्तम जागा म्हणजे ज्या दिवशी खोचायला विसरली ती.

कथा अडण्याचं दुसरं कारण तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय: रोज बसल्यावर आधी पहिलं पान दुरुस्त करता. ते थांबवा. लिहिणं आणि दुरुस्त करणं ही दोन कामं एकमेकांच्या मुळावर उठतात. पहिलं पान दहा वेळा घासल्यावर ते इतकं गुळगुळीत होतं की त्याच्या शेजारी सहाव्या पानाचं खडबडीत पहिलं वाक्य लिहायची हिंमत होत नाही. पहिल्या खर्ड्यात मागे जायचंच नाही. काही अडलं तर चौकटी कंसात टीप टाका, [इथे डॉक्टर येतो, नाव नंतर] किंवा [पंचनामा लागतो का, विचारणे], आणि पुढे चला. अडीच हजार शब्दांची कथा एका बैठकीला तीनशे शब्द धरले तर आठ-नऊ बैठकांत संपते. बैठका रोजच्या असाव्यात असं नाही, पण दोन बैठकांत चार-पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर पात्रांचे आवाज नव्याने पकडावे लागतात आणि त्यातच अर्धी बैठक जाते. उठताना प्रसंग पूर्ण करून उठू नका. संवादाच्या मध्येच, पुढचं वाक्य ठाऊक असताना थांबा.

फाइलमधल्या सगळ्याच कथा वाचवायच्या नसतात. प्रत्येकीचं फक्त शेवटचं लिहिलेलं पान वाचा, सुरुवातीला हातही लावू नका. जिथे ‘मग काय झालं?’ असं तुम्हालाच वाटतं त्या ठेवा. त्यातही पुढचं पान सुचत नसेल तर क्रम सोडा आणि असा प्रसंग लिहा ज्यात दोन माणसांना एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत आणि दोघांना मिळून एकच मिळू शकते. तो प्रसंग लिहून झाला की त्याच्या आधी काय यायला हवं हे बहुतेक वेळा आपोआप दिसतं. बाकीच्या मिटून ठेवा. अपराधी वाटून घेऊ नका, त्या सरावाच्या होत्या.

खर्डा पूर्ण झाल्यावर तो निदान तीन आठवडे उघडू नका. ताज्या मजकुरात डोळे लिहिलेलं वाचत नाहीत, मनात होतं ते वाचतात. मग दुप्पट ओळ-अंतर आणि रुंद समास ठेवून कागदावर छापून घ्या आणि मोठ्याने वाचा. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं अक्षरशः ओरडून वाचत असे. तेवढं नको, पण ओठांतल्या ओठांत वाचणंही चालत नाही. दीड हजार शब्दांना साधारण बारा ते पंधरा मिनिटं लागतात. जीभ अडखळते, श्वास पुरत नाही किंवा आपणच घाईने उरकतोय असं वाटतं, तिथे समासात नुसती खूण करा. वाचता वाचता दुरुस्ती केली की कान बंद होतात.

खुणा केलेल्या जागी काय बिघडलेलं असतं? बऱ्याचदा शब्दांचा क्रम. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि बोलताना जोर पडतो तो त्याच्या लगेच आधीच्या शब्दावर. ‘आयाने डोळे मिटले’ या वाक्यात आपण म्हातारीच्या डोळ्यांकडे बघतो. ‘डोळे आयाने मिटले’ म्हटलं की मुलांनी नाही, हिने, असं ऐकू येतं. तुमच्या कथेला दुसरं वाक्य हवंय आणि तुम्ही पहिलं लिहिलंय. एवढ्या अदलाबदलीत तुमचा एक परिच्छेद लिहायचा वाचतो. सलग चार वाक्यं ‘होता, होती, होतं’वर संपत असतील तर दोन तरी मोडा. ‘तिला जाणवलं की’, ‘तिच्या मनात विचार आला की’, ‘तिला दिसलं की’ यांतले निम्मे काढले तरी अर्थ जात नाही, उलट वाचक एक पाऊल जवळ येतो. संवादात ‘म्हणाली’ पुरे. उद्गारली, उत्तरली, पुटपुटली ही क्रियापदं बोलण्यापेक्षा स्वतःकडेच लक्ष वेधतात. निवेदन ‘केले, गेले’ असं करायचं की ‘केलं, गेलं’ हे एकदाच ठरवा. तुमच्या कथेत तिसऱ्या पानावर ते बदललंय, आणि वाचकाला का ते कळत नाही, फक्त निवेदक बदलल्यासारखा वाटतो.

आदरार्थाकडेही बघा, ते आपल्या भाषेतलं फुकट मिळालेलं हत्यार आहे. तुमचा निवेदक आयाला ‘ती’ म्हणतो आणि डॉक्टरला ‘ते’. हे जाणूनबुजून केलंय का? असेल तर ठेवा, कारण त्या इमारतीतली उतरंड त्यातून एका अक्षरात दिसते. सवयीने झालं असेल तर मात्र तुम्हीही त्याच उतरंडीत उभ्या आहात. कोण तिला ‘मावशी’ म्हणतं, कोण ‘बाई’, कोण नुसतंच ‘ए’, आणि म्हातारी काय म्हणायची, एवढं ठरवलंत की निम्मी विशेषणं लागणारच नाहीत. एकूण दुरुस्तीत दहा-पंधरा टक्के शब्द गळाले तर काळजी करू नका. काहीच गळालं नाही तर मात्र पुन्हा वाचा.

तुमच्या खऱ्या मावशीबद्दल. नाव बदलून भागत नाही, नातेवाईक नावावरून ओळखत नाहीत. ते ओळखतात लकबीवरून, घरातल्या माणसांच्या संख्येवरून आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या एखाद्या प्रसंगावरून. म्हणून वय, मुलं, घरातली रचना आणि प्रसंगांचा क्रम बदला, आणि शक्य असेल तर दोन माणसं एकत्र करा. याने कथेचंही भलं होतं, कारण ‘पण तसंच घडलं होतं’ ही सबब संपते. खरं घडलेलं असणं हे कथेत ठेवायला पुरेसं कारण नाही. मात्र त्यांनी विश्वासाने सांगितलेली आणि फक्त त्यांच्याच आयुष्यात बसणारी गोष्ट असेल, तर छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवा. त्या ‘नको’ म्हणाल्या तर तो भाग काढा. माझं मत इथे कडक आहे, पुष्कळ चांगले लेखक यापेक्षा सैल आहेत. पण तुम्ही लिहिलंय की ते मनाला खातं. म्हणजे उत्तर तुमच्याजवळ आहेच, मला विचारून फक्त पक्कं करताय.

नवी कथा त्याच गटात वाचणार असाल तर ‘कशी वाटली?’ असं विचारू नका आणि खुलासाही करू नका. आधी एकाला कथेत काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. तो जे गाळेल ते कथेत नीट आलेलं नाही. मग विचारा, लक्ष कुठे उडालं, आणि आया का थांबली असं वाटतं. शेवटच्या प्रश्नावर गटात दोन-तीन वेगळी उत्तरं आली आणि त्यांचा आपसांत वाद सुरू झाला, तर वहीत ती उत्तरं टिपून घ्या आणि कथा पाठवून द्या. सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर विशेषणं पुन्हा तपासा. आणि कुणालाच उत्तर सुचलं नाही, तर पाळीची वेळ अजून उशिरा कळतेय.